भांडं धरायची युक्ती: मिर्झापूरच्या लेथचा खटला आणि डिशवॉशरच्या रॅकचा क्लेम

भारतात एखाद्या यांत्रिक वस्तूच्या पेटंटवर वाद झाला की दोन्ही बाजूंचे वकील आजही ज्या निकालापासून सुरुवात करतात, तो भांड्यांचा निकाल आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. दोन्ही पेढ्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या, दोघींचा धंदा भांडी बनवायचा. पेटंटचा क्रमांक 46368-51 आणि विषय साधारण असा: टर्निंगच्या, म्हणजे लेथ या यंत्रावर फिरवून खरवडायच्या, कामासाठी भांडं धरून ठेवण्याचं साधन.

डिशवॉशरचा रॅक म्हणजे तरी दुसरं काय? तिथेही भांडं धरूनच ठेवायचं असतं, फक्त हत्याराऐवजी पाण्याचा फवारा येतो. रॅकवर पेटंट मागणाऱ्याला जी अडचण येते तीच या मिर्झापूरकरांना आली होती. सगळे सुटे भाग जुने, जोडणी नवी. अशा जोडणीला पेटंट मिळतं का आणि मिळालं तर टिकतं का, हे या एका प्रकरणातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं पुस्तकी व्याख्यांतून दिसत नाही. म्हणून आधी लेथ, मग रॅक.

मिर्झापूर

पितळेचं किंवा जर्मन सिल्व्हरचं भांडं (नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं) आकाराला आलं की लेथवर चढवून खरवडायचं, गुळगुळीत करायचं आणि मग पॉलिशला द्यायचं. लेथच्या फिरत्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकला, भांडं बसवलेलं असतं आणि कारागीर त्यावर हत्यार टेकवतो. पकड ढिली पडली की भांडं सुटून उडतं. जुन्या पद्धतीत हा धोका कायमचाच होता, असं हिंदुस्तान मेटलचं म्हणणं.

1951 मध्ये या पेढीच्या एका भागीदाराने यावर तोडगा काढला. हेडस्टॉकवर भांड्याला बसेल असा अॅडॉप्टर आणि समोरच्या बाजूने टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाचा, दाब. भांडं दोन्हीकडून आवळलं गेलं की उडायचा प्रश्न मिटतो, काम भराभर होतं, फिनिशही चांगलं येतं. अर्ज झाला, आणि 1911 च्या पेटंट व डिझाइन कायद्याखाली 6 मे 1953 रोजी पेटंटवर शिक्का बसला, 13 डिसेंबर 1951 पासून लागू. तोवर दुसरी पेढी हीच पद्धत वापरते आहे असं यांच्या कानावर आलं होतं. नोटीस गेली, पुढे दावा दाखल झाला: मनाई हुकूम द्या आणि नुकसानभरपाई द्या.

समोरच्याने नुसता बचाव केला नाही, पेटंटच रद्द करा असा उलटा अर्ज केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेथ, हेडस्टॉक, अॅडॉप्टर, टेलस्टॉक या सगळ्या वस्तू देशभरात कित्येक दशकं वापरात आहेत, मिर्झापुरातही ही पद्धत उघडउघड चालू होती, यात शोध म्हणावं असं काय आहे?

अलाहाबाद उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं. खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि पेटंट पुन्हा जिवंत झालं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सरकारिया यांनी लिहिलेल्या निकालात, खंडपीठाचा निर्णय बाजूला ठेवून पेटंट रद्दच केलं. तारीख 13 डिसेंबर 1978. पेटंट लागू झालं त्याला बरोबर 27 वर्षं. जुन्या कायद्यात पेटंटची मुदत 16 वर्षांची होती, म्हणजे हे पेटंट टिकलं असतं तरी 1967 अखेरीसच संपलं असतं. जे संपून अकरा वर्षं झाली ते मुळात होतंच का, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गंमत वाटेल, पण तो निकाल आज उपयोगी पडतोय तो त्या दोन पेढ्यांना नव्हे, आपल्याला.

न्यायालयाने नेमकं काय तपासलं

पहिली गोष्ट वाचण्याच्या क्रमाची. 1871 च्या एका इंग्लिश निकालाचा आधार घेऊन न्यायालयाने सांगितलं की पेटंटचा दस्तऐवज हातात आला की थेट क्लेमवर, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणाऱ्या भागावर, उडी मारू नये. आधी वर्णन वाचावं, शोध काय आहे हे मनात पक्कं करावं, आणि मग क्लेममध्ये नेमकं काय मागितलंय ते पाहावं. ऐकायला साधं वाटतं, पण याचा फटका मोठा बसू शकतो. वर्णनात जुनं काय आणि आपण घातलेलं नवं काय, ही रेघ अर्जदाराने स्वतः ओढली नसेल तर ती न्यायालय ओढतं, आणि बहुतेकदा अर्जदाराला नको तिथे ओढतं.

दुसरी गोष्ट, जुन्या भागांच्या जोडणीची. जोडणीला पेटंट मिळूच शकत नाही असं न्यायालय म्हणालं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण या निकालाचा हवाला देऊन तसं सर्रास बोललं जातं. न्यायालयाचं म्हणणं असं की सुधारणा किंवा जोडणी ही नुसत्या ‘वर्कशॉप इम्प्रूव्हमेंट’पेक्षा, म्हणजे वर्कशॉपात काम करता करता कोणीही करील अशा फेरफारापेक्षा, काहीतरी जास्त असली पाहिजे. तिच्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा आधीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू निघायला हवी. जुने घटक असे जोडलेले असावेत की ते एकमेकांच्या कामावर परिणाम करून काही सुधारित घडवतात. घटक नुसते शेजारी शेजारी आणून ठेवले, आणि त्यात कल्पकता लागली नाही, तर ते पेटंटला पुरत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, ती कसोटीची. जुना कागद, म्हणजे अर्जाआधीच प्रसिद्ध झालेला दस्तऐवज, एका जाणत्या कारागिराच्या हातात द्या. नुसता सांगकाम्या कामगार नको, त्या धंद्यातलं अर्जाच्या तारखेपर्यंतचं सर्वसाधारण ज्ञान असलेला माणूस हवा. पेटंटधारकापुढे होती तीच अडचण त्याच्यापुढे ठेवा. पण पेटंटधारकाने काढलेलं उत्तर त्याला सांगू नका. तो कागद वाचून ‘मला हवं होतं ते हेच’ असं म्हणेल का?

‘उत्तर सांगू नका’ या अटीतच सगळा खेळ आहे. उत्तर कळल्यावर कोणताही रॅक, कोणताही लेथ सोपाच वाटतो. पेटंट कार्यालयाचा परीक्षक, विरोधक, न्यायाधीश, सगळ्यांना उत्तर आधीच माहीत असतं. माहीत असूनही माहीत नसल्यासारखा विचार करायचा असतो. मिर्झापूरच्या प्रकरणात एकाच पुराव्यावर एकल न्यायाधीश आणि खंडपीठ यांची मतं उलट पडली, यावरून हे किती अवघड आहे ते दिसतं. पेटंटधारकाच्या बाजूने बोलण्यासारखं काही नव्हतं असं नाही. इतकं सोपं होतं तर भांडी उडत असताना इतकी वर्षं कोणी का केलं नाही, हा प्रश्न वजनदार आहे. पण न्यायालयाला या यंत्रात दिसली ती अनेक दशकं माहीत असलेली रचना, त्याच पारंपरिक कामासाठी, वापरण्याच्या तऱ्हेत थोडा फरक करून योजलेली. कारागिराच्या कुवतीबाहेरचं असं काही त्यात सापडलं नाही.

आणि शिक्क्याचं काय? सरकारने तपासून पेटंट दिलं, मग ते खरंच असणार, असं आपल्याकडे फार लोक मानतात. पेटंट मिळाल्याने त्याच्या वैधतेची हमी मिळत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं आणि 1970 च्या कायद्याच्या कलम 13(4) मध्ये ते आता लिहूनच ठेवलंय याकडे बोट दाखवलं.

आता रॅक

समजा, पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या एका लहान कारखानदाराला आपल्या भांड्यांसाठी डिशवॉशरचा रॅक करायचाय. विलायती रॅक सपाट प्लेट, उभा ग्लास आणि काटे-चमचे धरून आखलेला. आपली वाटी, खोल ताट, कढई, कुकरचं भांडं त्यात नीट बसत नाही. गरज खरी आहे, बाजारही आहे. पहिला क्लेम तो साधारण असा लिहून आणतो: तारेची चौकट असलेला डिशवॉशरचा रॅक, ज्यात ताटांसाठी दाट दात्यांची ओळ, वाट्यांसाठी आखूड दात्यांची ओळ, कढईसाठी दाते आडवे पाडता येतील असा भाग, आणि चौकट वर-खाली करण्याची सोय आहे.

हा अर्ज महाराष्ट्रातून गेला तर मुंबईला, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जाईल. परीक्षक रॅकसाठी ठरलेल्या वर्गात, ए47एल 15/50 मध्ये, शोध घेईल आणि त्याच्यासमोर ढीग पडेल.

ढिगाच्या तळाशी असेल 28 डिसेंबर 1886 चं अमेरिकन पेटंट, क्रमांक 355,139. इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रन यांचं. त्यांच्याआधी 1850 मध्ये जोएल हॉटन यांनी हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं, पण ते काही कामाचं ठरलं नाही. कॉक्रनबाईंनी भांड्यांची मापं घेतली, आणि प्लेट, कप, बशी यांच्या आकाराप्रमाणे तारेचे वेगवेगळे कप्पे केले. ते कप्पे तांब्याच्या बॉयलरमध्ये आडव्या बसवलेल्या चाकावर, आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं कामाला होती. म्हणजे ‘भांड्याच्या आकाराप्रमाणे तारेचा कप्पा’ ही कल्पना 1886 सालीच छापून प्रसिद्ध झालेली आहे. त्या पेटंटची मुदत कधीच संपली, पण त्याने काही फरक पडत नाही. मुदत संपलेलं पेटंट कोणाला अडवू शकत नाही. नंतरच्या अर्जाचं नावीन्य मात्र ते आजही खाऊ शकतं. या दोन गोष्टींची गल्लत रोज होते.

वरचे कागद नव्या काळातले. पाडता येणारे दाते आणि वर-खाली होणारा वरचा रॅक आज बाजारातल्या साध्यासुध्या डिशवॉशरमध्ये असतात. 

इथे परीक्षक दोन वेगळे प्रश्न विचारतो. नावीन्याचा प्रश्न असेल तर क्लेममधला प्रत्येक घटक एकाच जुन्या कागदात सापडायला हवा. एक जरी सुटला तरी नावीन्य शाबूत. बहुतेक अर्जदार इथेच खूश होतात: ‘असा रॅक कुठेच नाही.’ खरंच नसेल. पण दुसरा प्रश्न इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, म्हणजे जाणत्या माणसाला सहज सुचणार नाही अशा कल्पकतेचा, आणि तिथे डी1, डी2, डी3 असे कागद एकत्र जोडून वाचायला परीक्षकाला मुभा असते, फक्त जाणत्या माणसाने ते जोडले असते याला काही कारण हवं. वरच्या क्लेममध्ये कारण शोधावं लागत नाही. ताटाचे दाते ताट धरतात, वाटीचे वाटी धरतात, पाडायचे दाते कढईला जागा करून देतात. कोणी कोणाच्या कामात ढवळाढवळ करत नाही. कायद्याच्या कलम 3(फ) मध्ये हेच लिहिलंय: ओळखीच्या पद्धतीने आपापलं स्वतंत्र काम करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध नव्हे. मिर्झापूरच्या निकालात ‘शेजारी शेजारी आणून ठेवणं’ म्हणून जे नाकारलं गेलं, तेच हे.

मग ‘पण आमचा रॅक भारतीय भांड्यांसाठी आहे’ हा युक्तिवाद येतो. याला अमेरिकेतलं 1997 चं श्रायबर प्रकरण चांगलं उत्तर देतं. अर्जदाराने पॉपकॉर्नच्या डब्यावर बसवायचं निमुळतं झाकण मागितलं होतं, ज्यातून डबा उलटा करून हलवला की एका वेळी थोडेच दाणे पडतील. परीक्षकाने जुनं स्विस पेटंट काढलं, तेलाच्या डब्याच्या निमुळत्या तोटीचं. पॉपकॉर्नचा त्यात उल्लेखही नव्हता. तरी फेडरल सर्किट न्यायालयाने अर्ज फेटाळणं योग्य ठरवलं: वस्तूची रचना तीच असेल आणि तिच्यातून तेच काम होऊ शकत असेल, तर नवा उपयोग सांगून जुनी वस्तू नवी होत नाही. अमेरिकेचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण तर्क इथेही चालतो. प्रयोगशाळेतल्या टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये किंवा ओट्यावरच्या भांडी निथळायच्या जाळीत तीच रचना असेल, तर ‘वाटीसाठी’ हा शब्द क्लेमला तारणार नाही.

कुठे जीव आहे

या कारखानदाराने हात टेकायचं कारण नाही. त्याच्याकडे बसून, प्रत्यक्ष भांडी लावून बघायला हवं की तो रॅक कोणती अडचण सोडवतो. स्टीलची वाटी उपडी ठेवली की तिच्या किंचित खोलगट बुडावर पाणी साचतं, आणि धुणं संपल्यावर तिथे पांढरे डाग राहतात. वाटी तिरपी केली तर पाणी निथळतं, पण तिरप्या वाट्या दाटीने लावल्या की पुढची वाटी मागचीच्या तोंडावर येते आणि फवारा आत पोचत नाही. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं. अशी ओढाताण सापडली की पेटंटचं काम करणाऱ्याचे कान टवकारले पाहिजेत.

समजा, त्याने प्रयोग करून असं बसवलं की फिरत्या स्प्रे आर्मच्या (पाणी फवारणाऱ्या दांड्याच्या) मध्याजवळच्या ओळीत दाते जास्त तिरपे आणि कडेकडे जाताना कल कमी कमी, कारण कडेला फवारा वेगळ्या कोनातून येतो. आणि त्या हिशेबाने ओळींमधलं अंतरही बदलत जातं. आता दात्याचा कल, ओळीची जागा आणि फवाऱ्याची दिशा एकमेकांवर अवलंबून आहेत. एक बदललं की दुसऱ्याचा परिणाम जातो. घटकांनी एकमेकांच्या कामात हात घालून सुधारित परिणाम देणं म्हणतात ते हे. अशी रचना आधीच कोणाच्या कागदात असूही शकते, ते शोध घेतल्यावरच कळेल. पण नसली, तर जाणत्या कारागिराला ‘मला हवं होतं ते हेच’ म्हणण्यासाठी डी1-डी2 मध्ये काहीतरी सापडावं लागेल, आणि नुसती कप्प्यांची यादी त्याला तिथवर नेत नाही.

मात्र हे सगळं अर्ज करतानाच वर्णनात असायला हवं. मागाहून सुचलं तर उपयोग नाही. कलम 59 प्रमाणे क्लेम नंतर आवळता येतो, स्पष्ट करता येतो, पण मूळ दस्तऐवजात जे नव्हतं ते आत आणता येत नाही. परीक्षकाचा पहिला अहवाल आल्यावर ‘अहो, आमचा कल ओळीगणिक बदलतो’ म्हणून सांगणारे अर्जदार असतात, आणि मूळ वर्णनात ‘दाते तिरपे असू शकतात’ एवढंच वाक्य असतं. तिथे बहुतेक वेळा गाडी थांबते. म्हणून साधा रॅक आणि बदलत्या कलाचा रॅक यांत पाणी किती राहिलं, डाग किती पडले, याच्या चाचण्या आधी करून, आकडे तारखेसह वर्णनात घातलेले बरे. मिर्झापूरच्या काळी ‘सुरक्षित, वेगवान, चांगलं फिनिश’ असे शब्द होते; शब्दांना समोरचा वकील सहज फोडतो, मोजमापाला फोडायला त्याला स्वतः मोजावं लागतं.

जुनं काय ते अर्जदाराने स्वतःच लिहावं का, यावर धंद्यात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, कबुली देऊ नका, ती आपल्याच विरुद्ध वापरली जाते. मला हे पटत नाही. कॉक्रनचे कप्पे आणि पाडते दाते परीक्षकाला तासाभरात सापडतात. ते आपणच एका परिच्छेदात सांगून, ‘यात वाटीच्या बुडावरचं पाणी राहतंच’ असं पुढे लिहिलं, तर रेघ आपल्या हाताने ओढली जाते. एवढं मात्र खरं की कबुली मोजूनमापून द्यावी. ज्याची खात्री नाही ते ‘सर्वज्ञात’ म्हणून लिहून ठेवू नये.

आणखी एक प्रायर आर्ट (अर्जाआधीच जाहीर झालेली माहिती) असतं, जे परीक्षकाला शोधावं लागत नाही, कारण ते अर्जदारानेच तयार केलेलं असतं. प्रदर्शनात स्टॉल लावला, रॅकचा व्हिडिओ टाकला, दोन डीलरांना नमुने दिले, आणि मग पेटंटची आठवण झाली. अमेरिकेत स्वतःच्या जाहीर करण्यानंतर वर्षभराची सवलत असते. आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. कलम 31 मध्ये प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सूट आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. हॉलमध्ये गर्दी जमली म्हणून ते अधिसूचित होत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ‘वर्षभर चालतं’ असं ऐकून गाफील राहिलेल्यांची इथे पंचाईत होते.

रॅकचं रूप, म्हणजे डोळ्यांना दिसणारा आकार आणि नक्षी, यासाठी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदणी आहे: दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच. तीही नवीन लागते, आणि परदेशातल्या कॅटलॉगात तोच आकार आधी छापला असेल तर ती रद्द होऊ शकते. पण ती नोंदणी रूपापुरती. वाटीच्या बुडावरचं पाणी कसं निथळतं याला तिचं संरक्षण नाही. लहान कारखानदाराने दोन्ही अर्ज एकदम, आणि स्टॉल लावण्याआधी करावेत.

एवढं करून पेटंट मिळालं तरी ते मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभर कोणीही हितसंबंधी विरोध दाखल करू शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत केव्हाही कलम 64 खाली रद्द करण्याची मागणी होऊ शकते. स्पर्धक ती बहुधा दाव्याची नोटीस मिळाल्यावरच करतो, मिर्झापुरात झालं तसंच. म्हणून नोटीस पाठवायच्या आधी आपलं पेटंट विरोधकाच्या नजरेने एकदा तपासून घ्यावं: जर्मन, जपानी, कोरियन कागदांसकट पुन्हा शोध, आणि शक्य असेल तर ज्याने अर्ज लिहिला त्याच्याकडून नव्हे, दुसऱ्याकडून.